पंडिता रमाबाई व त्यांचे वडील बंधू

आपल्या मंडळीत कोणी आजारी पडले म्हणजे पाळक अथवा उपदेशक समाचारास जातात. बाजेजवळ बसावे, दुखणाइताची विचारपूस करावी, औषधपाण्याची चौकशी करावी, प्रार्थना करावी आणि निरोप घ्यावा, असा परिपाठ आहे. व तो चांगलाच आहे. परंतु कित्येक घरी दुखणे चार दिवसांचे नसून जन्माचे असते. एखादे मूल आंधळे, मुके किंवा पांगळे असते. एखाद्यास फेफरे येते. एखाद्याची बुद्धी वयाबरोबर वाढत नाही. अशा घरी बहुधा दुसरेही एक मूल असते. पाहुणे आले म्हणजे पाण्याचा तांब्या तेच आणते, घोंगडी तेच अंथरते, आणि मग दाराआड जाऊन उभे राहते. त्यास काही झालेले नसते, म्हणून त्याजविषयी कोणी काही विचारीत नाही.

आज ज्या थोर बाईंचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो, त्यांचे बालपण अशाच एका घरात गेले. पंडिता रमाबाईंचे नाव महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांस नवे नाही. केडगावचे मुक्तिसदन, विधवांसाठी काढलेली शाळा, पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत केलेले भाषांतर, ही त्यांची कामे सर्वश्रुत आहेत. त्यांच्या आयुष्याची पहिली बावीस वर्षे मात्र चरित्र सांगताना पुष्कळदा घाईने उरकली जातात. वास्तविक त्याच वर्षांत त्या घडल्या. अंध पित्याच्या व तापाने तळमळणाऱ्या मातेच्या उशाशी बसून त्यांनी सेवेचे पहिले धडे घेतले, आणि त्या धड्यांत त्यांचा एक सोबती होता. तो म्हणजे त्यांचा थोरला भाऊ श्रीनिवास.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नामक अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व संस्कृताचे गाढे पंडित होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा त्या काळचा समज असताही त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविले. ह्या कारणाने लोकांचा रोष झाला, पंडितांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला, आणि शेवटी वस्तीपासून दूर रानात आश्रम बांधून राहणे त्यांस प्राप्त झाले. तेथे यात्रेकरू व विद्यार्थी यांचा राबता असे. आलेल्यास अन्न द्यावे, राहिलेल्यास विद्या द्यावी, ह्या व्रतात जमीनजुमला व पैसा संपून गेला. रमा अवघी सहा महिन्यांची होती तेव्हा हे कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेस निघाले, आणि टोपलीत घातलेले ते तान्हे मूल गड्याच्या डोक्यावरून रानाबाहेर आले. त्यानंतर कित्येक वर्षे ह्या मंडळीस स्थिर असे घर मिळाले नाही.

देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, लोक देतील त्या दक्षिणेवर निर्वाह करावा व पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा त्यांचा क्रम होता. अनंतशास्त्री वृद्ध झाले, आणि पुढे त्यांची दृष्टी गेली. धाकट्या मुलीस शिकविण्याचे काम तेव्हा आईने पत्करले. दिवसभर वाट चालणे व पतीची शुश्रूषा करणे यातून तिला सवड मिळत नसे, म्हणून ती पहाटेच मुलीस जागे करी आणि श्लोक पाठ करून घेई. ज्या घरात एक मनुष्य पराधीन झालेले असते, त्या घरात इतरांच्या वाट्यास थोडाच वेळ येतो. लक्ष्मीबाईंनी तो थोडा वेळ दुखण्यातून चोरून काढला, आणि तो केवळ मुलीसाठी राखून ठेवला. पुढे पंडिता ह्या पदवीस पोहोचलेल्या विद्येचा पाया ह्याच पहाटेच्या घटकांत घातला गेला.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात अवर्षण पडले. पुराण ऐकण्यास कोणी येईना, व आले तरी देण्यास कोणापाशी काही नव्हते. उंची वस्त्रे, भांडी, जे काही होते ते विकून झाले. कुलाचा अभिमान असल्यामुळे मजुरी करणे कमीपणाचे वाटे, आणि भीक मागण्याची लाज वाटे. शेवटी सर्व कुटुंब मरण पत्करून एका अरण्यात शिरले. अकरा दिवस व अकरा रात्री पाणी, झाडाचा पाला आणि रानातील थोडेसे फळ ह्यांवर त्यांनी काढल्या. तेव्हा अंध झालेल्या वृद्ध पित्याने ठरविले की, पवित्र तळ्यात देह टाकून आपला भार मुलांवरून उतरवावा. त्याने एकेकास जवळ घेऊन निरोप दिला. सर्वांत धाकट्या रमेस त्याने घट्ट पोटाशी धरिले व सन्मार्गाने राहून देवाची सेवा कर असे सांगितले. तिचा चेहरा त्यास दिसत नव्हता.

त्या वेळी श्रीनिवास पुढे झाला. तो म्हणाला की, जातीचा अभिमान मी आजपासून टाकतो, हमालासारखे काम करीन, पण आईबापांस पोसीन. हे शब्द ऐकून पित्याने आपला बेत सोडला, आणि सर्वजण रानाबाहेर पडले. पंडिताच्या मुलाने मजुरी करण्यास तयार होणे त्या काळी लहान गोष्ट नव्हती. चरित्रलेखकांनी श्रीनिवासाचे नाव फारसे गाजविले नाही. तरी डोंगरे कुटुंबात जुन्या अभिमानाची बेडी प्रथम तोडण्याचा मान त्याचाच आहे, व ती त्याने कोणत्याही तत्त्वासाठी न तोडता आंधळ्या बापासाठी तोडली.

परंतु मदत फार उशिरा आली. अनंतशास्त्री १८७४ सालीच वारले. पुढे थोड्याच आठवड्यांत लक्ष्मीबाई तापाने अंथरुणास खिळल्या. त्यांस बाजरीच्या भाकरीची वासना झाली. सोळा वर्षांची रमा शेजारच्या एका बाईच्या दारी गेली. मागावयाचे होते, पण तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्या बाईने ओळखून भाकरी दिली, आणि रमा आभाराचा शब्दही न बोलता लाजेने पळत सुटली. घरात कोणी दीर्घकाळ दुखणाईत असले म्हणजे निरोग्या मुलाच्या वाट्यास असेही प्रसंग येतात. औषधासाठी उसने पैसे मागणे, दुकानदाराकडून उधार आणणे, डॉक्टरसमोर तिष्ठत बसणे हे त्यालाच करावे लागते, आणि त्याची लाज ते कोणापाशी बोलून दाखवीत नाही.

आई गेली तेव्हा प्रेत उचलण्यास माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा श्रीनिवास, आणि चौथे कोणी नाही म्हणून रमेने स्वतः तिरडी उचलली. स्मशान तीन मैलांवर होते. ती ठेंगणी असल्यामुळे दांडी तिच्या खांद्यास पुरेना, म्हणून तिने ती डोक्यावर घेतली. पुढे थोरली बहीण कृष्णाबाई हीही मरण पावली. पाच माणसांच्या कुटुंबातून भाऊ व बहीण अशी दोघेच उरली.

ह्यानंतर ती दोघे हजारो मैल पायी फिरली. दक्षिणेपासून थेट काश्मीरकडे व तेथून पूर्वेस बंगालपर्यंत त्यांनी वाट तुडविली. मूठभर भिजलेले धान्य मिठाबरोबर खावे, कधी रानबोरे आठळ्यांसकट चावावी, असे दिवस त्यांनी काढले. पंजाबात झेलम नदीच्या काठी एकदा अशी थंडी पडली की अंगावर पांघरूण नसलेल्या ह्या दोघांनी वाळूत थडग्याएवढे दोन खड्डे खणले, त्यांत निजून डोक्याखेरीज सर्व अंग कोरड्या वाळूने झाकून घेतले, व रात्र काढली. शास्त्रांत सांगितलेली व्रते, दाने व उपासतापास आपण निष्ठेने केले, तरी देव प्रसन्न झाले नाहीत, असे त्यांच्या मनाने घेतले, आणि जुन्या समजुतींवरील त्यांचा विश्वास हळूहळू उडाला.

ह्या प्रवासात कोण कोणास सांभाळीत होते हे सांगणे कठीण आहे. भाऊ वयाने मोठा. तो बहिणीस आज्ञा करू शकला असता. त्या काळी बावीस वर्षांची मुलगी अविवाहित ठेवणे म्हणजे लोकांच्या शिव्याशाप ओढवून घेणे होते. जबाबदारी टाळण्याकरिता तो तिचे लग्न कोठेही उरकून मोकळा झाला असता तर त्यास कोणी दोष दिला नसता. त्याने तसे केले नाही. मुलींस विवाहापूर्वी संस्कृत व मायबोली शिकवावी, असे दोघांचेही मत होते, आणि गावोगाव दोघेही तेच सांगत फिरत. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमेची परीक्षा पाहून तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. बहिणीचा सभेत जयजयकार होत असता भावाने मागे राहण्यात कमीपणा मानला नाही. दुष्काळात एका भाकरीचे दोन तुकडे करून खाल्लेल्या माणसांत असा हेवा सहसा राहत नाही.

पण उपासमारीच्या वर्षांनी शरीरे खंगविली होती. १८८० साली पूर्व बंगालमध्ये ढाका येथे श्रीनिवास आजारी पडला. रमाबाईंनी आता चौथ्या वेळी आपल्या माणसाच्या अंथरुणाशेजारी बैठक मांडली. त्या दुखण्यात त्यास स्वतःच्या मरणाची चिंता नव्हती. आपल्या मागे ही बहीण जगात एकटी राहील, तिचे कसे होईल, हाच घोर त्यास लागला होता. त्याने तो तिजपाशी बोलून दाखविला. रमाबाईंनी त्यास सांगितले की, तुमची व माझी काळजी घेणारा देवावाचून दुसरा कोणी नाही. ते ऐकून त्याने उत्तर दिले की, देव आपली काळजी घेत असेल तर मला कशाचेही भय नाही. त्या वेळी दोघांपैकी कोणीही ख्रिस्ती नव्हते. पुढील आयुष्यात रमाबाईंस हा प्रसंग वारंवार आठवे.

ह्या ठिकाणी वाचकाने क्षणभर थांबावे. आपण समजतो की दुखणाइताच्या मनात केवळ आपले दुखणे असते. तसे नाही. अंथरुणावरील भाऊ अंगणात वावरणाऱ्या बहिणीचा विचार करीत असतो; आपण तिजवर ओझे झालो असे त्यास वाटत असते. तिला कोणी विचारणारे आहे, तिची शाळा चालू आहे, तिचे लग्नकार्य अडणार नाही, एवढे त्यास कळले तरी त्याचे अर्धे दुखणे हलके होते. म्हणून बहिणीस दिलेला आधार हा आजारी भावासही दिलेलाच आधार आहे.

श्रीनिवासाच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी रमाबाईंनी त्याचेच एक स्नेही बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या आरंभी पतीही पटकीने गेले. लहान मुलगी घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या आणि त्याच वर्षी तेथे त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. वैद्यकी शिकून देशभगिनींची सेवा करावी हा त्यांचा मुख्य हेतू होता. परंतु त्यांस ऐकू येणे कमी होत चालले होते, आणि बहिरेपणामुळे तो हेतू कायमचा सोडावा लागला. जन्मभर दुसऱ्यांच्या अपंगपणाची सोबत केलेल्या बाईस आता स्वतःच्या उणिवेशी गाठ घालावी लागली. त्यांनी दुसरा मार्ग धरला व शिक्षणाच्या कामास वाहून घेतले.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, त्याचे निमित्त आपल्या कल्याणकडील वाचकांस जिव्हाळ्याचे वाटेल. कल्याणच्या लेक डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्या रमाबाईंच्या नात्यातील. फिलाडेल्फिया येथे त्यांस वैद्यकीची पदवी मिळावयाची होती. त्या समारंभास रमाबाई मुद्दाम हजर राहिल्या. आनंदीबाई क्षयाने १८८७ मध्येच वारल्या. त्याच वर्षी रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले, व अमेरिकेतील मित्रांच्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई ही बालविधवा आपल्या भावाच्या, नरहरपंत जोशी यांच्या पाठबळाने आली होती. हीच पुढे महर्षी कर्वे यांची पत्नी झाली. भावाने हात धरला तर बहीण कोठवर जाते, हे रमाबाईंस दुसऱ्या कोणी सांगावे लागले नसेल.

१८९६–९७ च्या दुष्काळाची वार्ता आली तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. ज्या भुकेने त्यांचे घर धुऊन नेले होते, तीच त्यांनी इतरांच्या डोळ्यांत पाहिली. निराधार मुली व विधवा यांस त्यांनी केडगावी आणले. १९०० च्या गुजराथेतील दुष्काळानंतर मुक्तिसदनातील वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. त्यांत धडधाकट होत्या तशाच आंधळ्या, दुबळ्या व म्हाताऱ्याही होत्या. कामाच्या उपयोगी नाही म्हणून रमाबाईंनी कोणास परत पाठविले नाही. आंधळ्यांसाठी त्यांनी निराळे घर केले, व यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्याच्या नावावरून त्यास बर्तमी सदन असे नाव दिले. दुबळ्या व वृद्ध स्त्रियांसाठी प्रीती सदन निघाले. अमेरिकेत शिकून आलेल्या मनोरमाबाईंस बोटांनी वाचावयाची ब्रेल लिपी येत होती. ती त्यांनी अंध स्त्रियांस शिकविली. अनंतशास्त्र्यांस शेवटच्या वर्षांत पोथी उघडून वाचता आली नव्हती. त्यांची नात आंधळ्यांच्या हाती पुस्तक देत होती.

मनोरमाबाई म्हणजे एकुलती एक मुलगी, आणि आई बहिरी. आईचे पत्रव्यवहार, शाळा, पाहुणे यांपैकी पुष्कळसा भार तिने उचलला. तिची स्वतःची प्रकृतीही नाजूक होती. २४ जुलै १९२१ रोजी ती मिरजेस निवर्तली. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आतच, ५ एप्रिल १९२२ रोजी, भाषांतराचे काम पुरे करून रमाबाईंनीही देह ठेविला. केडगावचे काम अद्यापि चालू आहे.

वाचकहो, हे चरित्र वाचून केवळ धन्योद्गार काढावे व पत्र मिटून ठेवावे, असे होऊ नये. कल्याणच्या पलीकडे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही गावे आहेत. ह्यांतील उल्हासनगर तर फाळणीनंतर सिंधेतून आलेल्या निर्वासितांनी लष्करी छावणीच्या जागी वसविले. घर गमावून वाट चालणे तेथील जुन्या माणसांस ऐकून ठाऊक नाही, भोगून ठाऊक आहे. आज तेथील असंख्य आईबाप पहाटेच्या लोकलगाडीने कामास जातात आणि दिवस मावळल्यावर परततात. ज्या खोलीत एक मूल अपंग आहे, तेथे दिवसभर त्यास भरविणारे, उठविणारे, वेळच्या वेळी गोळी देणारे कोण असते? बहुतेक वेळा बारा-चौदा वर्षांची बहीण, नाहीतर भाऊ. आसपासच्या खेड्यांतही आईबाप शेतावर व वीटभट्टीवर गेले म्हणजे हीच स्थिती.

अशा मुलासाठी मंडळीने काय करावे? पहिली गोष्ट, त्यास खरे सांगावे. दुखणे काय आहे, ते बरे होण्यासारखे आहे किंवा नाही, हे मुलापासून लपविल्याने त्याचे भय वाढते. कित्येक मुलांस वाटते की आपणच कधी रागाने वाईट चिंतिले म्हणून भावास असे झाले. कित्येकांस शेजारीपाजारी आईबापांचे पाप ऐकवितात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाविषयी शिष्यांनी हीच शंका काढिली, व प्रभूने ती स्पष्ट शब्दांत नाकारिली. उपदेशकाने ती गोष्ट त्या मुलाजवळ बसून त्यास समजेल अशी सांगावी.

दुसरी गोष्ट, त्याची रोजची घटकाभर मोकळीक. लक्ष्मीबाईंनी पहाटेची वेळ रमेसाठी राखली, तशी आईने रोज थोडी वेळ निरोग्या मुलासाठी राखावी. मंडळीतील बायकांनी आठवड्यातून एक दुपार आजारी मुलाजवळ बसावे, म्हणजे त्या मुलीस अभ्यास करता येईल, मैत्रिणींत खेळता येईल. तिची शाळा भावाच्या दुखण्यापायी सुटू देऊ नये. ती कधी चिडली, कंटाळली, तर तिला निष्ठुर म्हणू नये. कंटाळा येणे म्हणजे प्रेम नसणे नव्हे.

तिसरी गोष्ट, पुढील काळाची व्यवस्था. आमच्या मागे याचे कोण करील, हा प्रश्न आईबाप मनात ठेवतात, आणि त्याचे उत्तर न विचारताच बहीणभावांच्या गळ्यात पडते. ते आधीच मोकळेपणाने बोलावे. मतिमंदता, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता अथवा एकाहून अधिक अपंगत्व असलेल्या मनुष्यास अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमून घेण्याची तरतूद १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे, व त्यासाठीची समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. ज्या उपदेशकास अर्ज लिहिता येतो त्याने अशा घरास एवढी मदत अवश्य करावी. श्रीनिवासाने ओझे आपल्या खुशीने उचलले; कोणी ते त्याजवर लादले नव्हते. आपल्या मुलांसही पुरे बळ येईपर्यंत तेवढी मुभा द्यावी.

येत्या आठवड्यात आपण अशा एखाद्या घरी समाचारास जाल. दुखणाइताशी बोलून झाल्यावर, ज्याने पाण्याचा तांब्या आणून ठेवला त्या मुलास जवळ बोलावा, त्याचे नाव विचारा, ते कितवीत आहे हे विचारा, आणि थोडा वेळ त्याचे ऐकत बसा.